कॉम्प्युटर अडकला की आधी हात बाजूला घ्या

कॉम्प्युटर हँग झाला की हात आपसूक माउसकडे जातो आणि एकच बटण चार-पाच वेळा दाबलं जातं. त्याने काम लवकर होत नाही. प्रत्येक क्लिक रांगेत जाऊन बसतं आणि प्रोग्राम भानावर आला की ती रांग इमानेइतबारे उपसायला लागतो. मग एकाच फाइलच्या चार खिडक्या उघडतात, एकच मेल दोनदा जातो, आणि एखादं क्लिक नेमकं नव्याने उघडलेल्या ‘डिलीट करायचं का?’ या चौकटीतल्या ‘होय’वर पडतं.

इथे लागणारा संयम स्वभावातून कमी आणि माहितीतून जास्त येतो. आत काय चाललंय, त्याला साधारण किती वेळ लागतो आणि ते संपलं की मेलं हे कोणत्या खुणेवरून ओळखायचं, एवढं ठाऊक असलं की थांबणं जड जात नाही. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी १९९३ मध्ये तीन मर्यादा सांगितल्या होत्या: ०.१ सेकंदात उत्तर आलं तर ते तत्काळ वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, आणि १० सेकंदांनंतर लक्ष उडतं. हात शिवशिवायला लागतो तो याच दहाव्या सेकंदाच्या आसपास. कॉम्प्युटरची बरीच प्रामाणिक कामं मात्र १० सेकंदांहून मोठी असतात.

अडकलाय की काम करतोय?

‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी पाटी दिसली की प्रोग्राम मेला असं बहुतेक जण धरून चालतात. तिचा अर्थ एवढाच की गेले ५ सेकंद त्या खिडकीने विंडोजला ओ दिलेली नाही. मोठी एक्सेल फाइल हिशेब करत असेल किंवा शेकडो पानांची पीडीएफ उघडत असेल, तर ही पाटी येते आणि काम झालं की आपोआप जाते. ती बघून लगेच प्रोग्राम बंद करणं म्हणजे सेव्ह न केलेलं काम हातचं घालवणं.

क्रमाने असं करा:

१. हात बाजूला घ्या आणि घड्याळ बघा. साध्या प्रोग्रामला पूर्ण एक मिनिट द्या, जड फाइलला पाच. अंदाजाने नको, कारण वैतागलेल्या माणसाला वीस सेकंदही पाच मिनिटांसारखे वाटतात.

२. माउस हलवा, पण क्लिक करू नका. बाण हलतोय का? मग कॅप्स लॉक एकदा दाबा. कळीवरचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्रणा जिवंत आहे, अडकलाय तो एखादाच प्रोग्राम. बाणही थिजलेला आणि दिवाही ढिम्म, तर सगळंच अडकलंय.

३. बाण हलत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रामची यादी, उघडा. अडकलेल्या प्रोग्रामच्या ओळीत सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी आणि डिस्कचे आकडे बघा. ते बदलत असतील तर तो काम करतोय. इथे एक गफलत नेहमी होते. ‘सीपीयू फक्त १२ टक्के, म्हणजे स्वस्थ बसलाय’ असं वाटतं. पण आठ कोअरच्या, म्हणजे हिशेब करणारे आठ वेगळे भाग असलेल्या, प्रोसेसरवर एकाच कोअरवर चालणारं काम जास्तीत जास्त १२.५ टक्केच दाखवू शकतं. १२ च्या आसपास टिकून राहिलेला आकडा म्हणजे तो प्रोग्राम जीव तोडून राबतोय.

४. सीपीयू शून्य, डिस्क शून्य आणि दोन-तीन मिनिटं काहीच हालचाल नाही, तेव्हाच तो गेला असं समजा. बंद करण्याआधी अडकलेल्या खिडकीत दिसणाऱ्या मजकुराचा फोनने फोटो काढून ठेवा. अर्धं पान पुन्हा आठवून लिहिण्यापेक्षा बघून टाइप करणं कधीही बरं.

५. बाकीच्या उघड्या प्रोग्राममध्ये जाऊन सगळं सेव्ह करा. त्यानंतर टास्क मॅनेजरमध्ये फक्त त्या एका ओळीवर ‘एंड टास्क’ द्या. मॅकवर कमांड, ऑप्शन आणि एस्केप दाबलं की ‘फोर्स क्विट’ची यादी येते.

६. पडदा काळा पडला किंवा चित्र थिजलं, पण कॅप्स लॉकचा दिवा चालतोय, अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबून बघा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्राम, नव्याने सुरू होतो, पडदा क्षणभर मिचकतो आणि उघडलेलं काम बहुधा शाबूत सापडतं.

७. यातलं काहीच लागू पडलं नाही तरच पॉवरचं बटण ५ ते १० सेकंद दाबून धरा. हा शेवटचा उपाय का? त्या क्षणी डिस्कवर काही लिहिलं जात असेल तर ते अर्धवट तुटतं, आणि ‘फाइल करप्ट झाली’ म्हणतात ते बऱ्याचदा इथूनच सुरू होतं.

कॉम्प्युटर दिवसेंदिवस हळू होत चालला असेल तर ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करण्यावर भिस्त ठेवू नका. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते; कालची अडचणही तिच्यासोबत परत येऊ शकते. ‘रीस्टार्ट’मध्ये मात्र सगळं मुळापासून सुरू होतं. म्हणून ‘बंद करून चालू केलं तरी तेच’ अशी तक्रार असेल तर आधी रीस्टार्ट करून बघा.

चालू केल्या केल्या पाच गोष्टी उघडू नका

जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असेल तर उतावळेपणा तिथे सरळ मोजता येतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी सुमारे ८ मिलिसेकंदांची. शिवाय वाचणारा दांडा योग्य पट्ट्यावर न्यायला जवळपास तेवढाच वेळ जातो. म्हणजे वेगवेगळ्या जागांवरचं वाचायचं असेल तर ती सेकंदाला शंभरेक जागांच्या पुढे जात नाही. ब्राउझर, वर्ड आणि मेल एकदम उघडले की तिघांच्या फाइली तीन ठिकाणी, आणि दांडा नुसता इकडून तिकडे पळतो. एकामागून एक उघडले तर तिन्ही मिळून कमी वेळात उघडतात. एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या नव्या पद्धतीच्या डिस्कमध्ये, हलणारा भागच नसल्याने ती हजारो जागा सेकंदात वाचते. जुन्या कॉम्प्युटरला नवं आयुष्य द्यायचं तर पहिला खर्च एसएसडीवर करावा, प्रोसेसरवर नाही.

हार्ड डिस्क असलेल्या कॉम्प्युटरला पडदा आल्यावर एक-दोन मिनिटं शांत सोडा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर चिकटलेला असतो; तो खाली आला की कामाला लागा. तिथेच ‘स्टार्टअप’ची यादी आहे. चालू होताना आपणहून उठणारे प्रोग्राम त्यात दिसतात. रोज न लागणारे, म्हणजे गप्पांचे, गाण्यांचे, गेमचे, ‘डिसेबल’ करा. त्याने प्रोग्राम काढला जात नाही, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही. अँटिव्हायरसला आणि टचपॅड-आवाजाच्या ड्रायव्हरच्या नोंदींना हात लावू नका.

डिस्कवर निदान १०-१५ टक्के जागा मोकळी असू द्या. डिस्क काठोकाठ भरली की अपडेट अडकतात आणि तात्पुरत्या फाइलींना जागा उरत नाही. मग ज्या प्रोग्रामचा काही दोष नाही तोही कुरकुरतो.

कॉपी, डाउनलोड आणि ती हिरवी पट्टी

‘२ मिनिटं उरली’ची एकदम ‘१४ मिनिटं’ होतात, तेव्हा कॉम्प्युटर थापा मारतोय असं वाटतं. तो गेल्या काही सेकंदांचा वेग बघून पुढचा हिशेब करतो, इतकंच. एक जीबीची एकच फाइल सलग वाहते. त्याच एक जीबीत १०,००० छोटे फोटो असतील तर प्रत्येक फाइलसाठी नाव नोंदवणं, जागा शोधणं, उघडणं, बंद करणं आलं. म्हणून वेळ कित्येक पट वाढतो. असा फोल्डर आधी झिप करा आणि ती एकच फाइल कॉपी करा.

डाउनलोडला किती वेळ लागेल ते स्वतःच काढता येतं. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये असतो. एका बाइटमध्ये आठ बिट. ४० मेगाबिटच्या जोडणीला ८ ने भागा, सेकंदाला ५ मेगाबाइट आले. दोन जीबीची फाइल म्हणजे सुमारे ४०० सेकंद, जवळपास सात मिनिटं. हा अगदी अनुकूल हिशेब. दहा मिनिटं धरा आणि दुसरं काम उरका. डाउनलोड रद्द करून पुन्हा सुरू केलं तर बऱ्याचदा शून्यापासून मोजणी होते.

पेनड्राइव्हवर पट्टी पूर्ण भरली म्हणजे फाइल पोचलीच असं नाही. काही यंत्रणा, विशेषतः लिनक्स, डेटा आधी मेमरीत घेतात आणि मागाहून सावकाश पेनड्राइव्हवर उतरवतात. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे. २०१८ च्या अखेरच्या आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये ‘क्विक रिमूव्हल’ (डेटा मेमरीत न अडकवता थेट लिहिणं) हेच मूळ सेटिंग आहे, त्यामुळे धोका कमी झालाय. तरी ‘इजेक्ट’ करूनच काढा, त्याला दोन सेकंद लागतात. ‘डिव्हाइस वापरात आहे’ असं उत्तर आलं तर त्यातली एखादी फाइल किंवा फोल्डर उघडा राहिलेला असतो. तो बंद करून पुन्हा इजेक्ट द्या.

पेनड्राइव्हमध्ये जागा भरपूर, तरी ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो तेव्हा पुन्हा पुन्हा प्रयत्न करून उपयोग नाही. तो पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही. आतलं सगळं दुसरीकडे काढून घ्या आणि एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

अपडेट

इथे घाईची किंमत सगळ्यात मोठी. ‘बंद करू नका’ असं पडद्यावर लिहिलेलं असताना बटण दाबणं म्हणजे अर्ध्या बदललेल्या यंत्रणेचा वीजपुरवठा तोडणं. टक्केवारी ३० वर अर्धा तास थांबली तरी घाबरू नका. पुढचा टप्पा एकदम उडी मारून येतो. डिस्कचा दिवा अधूनमधून लुकलुकतोय तोवर हात लावायचा नाही. दोन-तीन तास आकडाही हलला नाही आणि दिवाही गप्प असेल, तरच पॉवरचं बटण दाबून धरा. विंडोज पुढच्या वेळी बहुधा आपणहून मागच्या स्थितीत जाते, आणि त्यालाही वेळ लागतो.

लॅपटॉप असेल तर अपडेटच्या आधी चार्जर लावा. सेटिंगमध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ आहेत. आपल्या कामाच्या वेळा तिथे भरल्या की त्या काळात विंडोज आपणहून रीस्टार्ट होत नाही. महत्त्वाच्या मीटिंगआधी पंधरा मिनिटं ‘अपडेट करू का?’ला ‘हो’ म्हणणाऱ्यांना मात्र कुठलंच सेटिंग वाचवू शकत नाही.

सेव्ह केलेलं असलं की थांबता येतं

हँग झालेल्या पडद्यासमोर जीव वर-खाली होतो तो शेवटचं सेव्ह कधी केलं हे आठवत नसतं म्हणून. कंट्रोल-एस ही सवय बोटांना लावा. परिच्छेद संपला की एकदा, जागेवरून उठताना एकदा, आणि प्रिंट, मोठी चित्रं किंवा लांबलचक फॉर्म्युला यांच्याआधी हमखास. वर्डमधली ‘ऑटोरिकव्हर’ सोय मुळात दर १० मिनिटांवर लावलेली असते. पर्यायांतल्या ‘सेव्ह’ विभागात जाऊन ती २ किंवा ३ मिनिटांवर आणा. ‘ऑटोसेव्ह’ ही वेगळी चीज, ती फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंट या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत असेल तरच चालते. दोन्हींची गल्लत करून अनेक जण निर्धास्त बसतात.

नवी फाइल उघडली की पहिला शब्द लिहिण्याआधीच तिला नाव देऊन सेव्ह करा. नावात तारीख घालायची तर वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, आणि महिना-दिवस दोन आकडी. तरच यादीत फाइली तारखेप्रमाणे ओळीने लागतात. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘खरंच फायनल’ अशी नावं महिन्याभराने लिहिणाऱ्यालाही कळत नाहीत.

बॅकअपचा रुळलेला नियम ३-२-१: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. महिन्यातून एकदा बॅकअपमधली कुठलीही एक फाइल उघडून बघा. न उघडणारा बॅकअप असून नसल्यासारखा.

चुकून डिलीट झालं तर पहिली पायरी पुन्हा थांबण्याचीच. फाइल कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवरची असेल तर रीसायकल बिन बघा. पेनड्राइव्हवरून डिलीट केलेलं किंवा शिफ्ट-डिलीटने उडवलेलं तिथे जात नाही. अशा पेनड्राइव्हवर नवीन काहीही लिहू नका, कारण पुसलेल्या फाइलची जागा नुसती ‘मोकळी’ म्हणून नोंदलेली असते आणि त्यावर दुसरं लिहिलं जाईपर्यंत ती परत मिळण्याची आशा असते. फाइल परत मिळवणारा प्रोग्रामही दुसऱ्या डिस्कवर टाका. एसएसडीवर ही आशा कमी. ती मोकळ्या झालेल्या जागा लवकरच आपणहून साफ करते.

फॉर्म, ओटीपी, पैसे

वेबसाइटवरची बटणं एकाच क्लिकची असतात. डबल क्लिक मुख्यतः फाइल आणि फोल्डर उघडण्यासाठी. ‘सबमिट’वर डबल क्लिक करणाऱ्यांचा अर्ज काही साइटवर दोनदा जातो.

ओटीपी आला नाही की ‘पुन्हा पाठवा’ दाबायचा मोह होतो. बऱ्याच ठिकाणी नवा कोड निघाला की जुना रद्द होतो. तीनदा दाबलं तर तीन संदेश मागेपुढे येतात, त्यातला भलताच कोड टाकला जातो आणि खातं काही काळ बंद पडतं. पडद्यावरचा उलटा मोजणारा आकडा शून्यावर येऊ द्या, मग एकदाच दाबा, आणि सगळ्यात शेवटी मागवलेला कोड वापरा.

पैसे भरताना चक्र फिरत राहिलं तर मागे जाऊ नका, पान रीफ्रेशही करू नका. पान अगदीच मेलं तर दुसऱ्या टॅबमध्ये खातं आणि ऑर्डरची यादी बघा. पैसे गेले की नाही हे कळल्याशिवाय दुसऱ्यांदा भरू नका.

लांब फॉर्ममध्ये मोठी उत्तरं थेट लिहू नका. काही वेळ हालचाल नसली की साइट आपणहून लॉगआउट करते आणि लिहिलेलं जातं. नोटपॅडमध्ये लिहा, सेव्ह करा, मग चिकटवा.

पासवर्ड चुकीचा येत असेल तर तिसरा प्रयत्न करण्याआधी दोन गोष्टी तपासा: कॅप्स लॉक, आणि कीबोर्ड मराठीवर तर नाही ना. विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदलते. डोळ्याचं चिन्ह दाबलं की टाइप केलेलं दिसतं.

एरर आली तर

आधी वाचा. ‘ओके’ दाबून चौकट घालवली की एकमेव धागा गेला. विंडोजच्या साध्या संदेशचौकटीत कंट्रोल-सी दाबलं की आतला सगळा मजकूर कॉपी होतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. नाही झाला तर विंडोज, शिफ्ट आणि एस दाबून त्या भागाचा स्क्रीनशॉट घ्या. शोधताना मधला एररचा क्रमांक आणि प्रोग्रामचं नाव टाका. ‘कॉम्प्युटर चालत नाही’ असं शोधून काही हाती लागत नाही.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल, मग तपासणी. ड्रायव्हर बदलला, अँटिव्हायरस काढला, दोन सेटिंगं हलवली आणि सुरू झालं, तर कशाने झालं ते कळत नाही. आणि बिघडलं तर मागे कुठवर जायचं तेही कळत नाही. शेजारी वही ठेवा: तारीख, काय दिसलं, काय बदललं. नेट गेलं असेल तर राउटर बंद करून ३० सेकंद थांबा, चालू करा आणि दिवे स्थिरावायला दोन-तीन मिनिटं द्या. तेवढ्यात पुन्हा बंद केला तर तो कधीच पूर्ण उठत नाही.

टायपिंग

मराठी टाइप करताना चुकलं की लोक बॅकस्पेस धरून ठेवतात आणि अर्धी ओळ उडते. जोडाक्षर आतून तुकड्यांचं असतं: ‘क्ष’ तीन तुकड्यांचा, ‘श्री’ चार. बहुतेक प्रोग्राममध्ये बॅकस्पेस एकेक तुकडा काढते, तर डिलीट पुढचं अख्खं अक्षर. म्हणून बॅकस्पेस एकदा दाबा, बघा, मग पुन्हा. इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत, पाय मोडायची कळ इंग्रजी डी वर आहे, आणि ‘दुसऱ्या’मधला ऱ शिफ्ट आणि जे दाबून येतो. रोज पंधरा मिनिटं, चूक होणार नाही इतक्या सावकाश सराव करा. वेगाने केलेल्या चुकाही बोटं पाठ करतात आणि मग त्या सुटत नाहीत.

प्रिंटर

प्रिंट आली नाही म्हणून पुन्हा प्रिंट दिली की रांग वाढत जाते. कागद घातला की एकाच पत्राच्या सहा प्रती बाहेर पडतात. आधी प्रिंटरवरचा दिवा आणि कागदाचा ट्रे बघा, मग कॉम्प्युटरवर प्रिंटरची रांग उघडा. पहिलंच काम अडकलं असेल तर ते रद्द करा. रद्दही होत नसेल तर विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारी सेवा, रीस्टार्ट करा आणि प्रिंटर बंद-चालू करा.

कागद अडकला तर प्रिंटर बंद करून झाकण उघडा. लेझर प्रिंटर असेल तर आतला फ्यूजर, म्हणजे कागदावर शाई पक्की करणारा गरम भाग, भाजण्याइतका तापलेला असतो, तो निवू द्या. कागद दोन्ही हातांनी, तो पुढे सरकतो त्याच दिशेने, सरळ आणि सावकाश ओढा. एका कोपऱ्याला धरून हिसका दिला की फाटतो, तुकडा रोलरमागे राहतो आणि पुढचा प्रत्येक कागद तिथेच अडकतो. बाहेर आलेल्या कागदाचे चारही कोपरे शाबूत आहेत का ते तपासूनच झाकण लावा.